पाटणचे साळवी आणि जालन्याची कथा

आमच्या विणकर ज्ञातीच्या सभासंमेलनांतून गुजराथेतील पाटण शहरच्या साळवी विणकरांचा उल्लेख वारंवार होत असतो. 'ते मूळचे आपल्याच जालन्याकडचे. राजाने नेले म्हणून तिकडे गेले,' असे वक्ते अभिमानाने सांगतात आणि श्रोते टाळ्या देतात. ह्या विधानात प्रमाण किती व मानीव किती, ह्याची छाननी ज्ञातीच्या स्मरणिकेने नाही करावयाची तर कोणी करावयाची? ह्या हेतूने आम्ही पाटणास जाऊन आलो, साळवी मंडळींशी बोललो व नंतर उपलब्ध इतिहास पाहिला.

पाटणास जावयाचे तर वैशाख टाळावा. आम्हांस तो टाळता आला नाही. दहाच्या ठोक्यापासूनच रस्ते ओस पडू लागतात आणि दुपारी तर भिंतीस हात लावण्याची सोय राहत नाही. साळवीवाड्यात शिरल्यावर मात्र जुन्या घरांच्या सावलीत थोडा जीव आला. माग घराच्या ओसरीवरच होता. प्रथमदर्शनी आमच्यापैकी एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांचे सारे आयुष्य मागावर गेले आहे, 'हा माग तिरका का बसविला?' असा प्रश्न केला. पटोळ्याचा माग एका अंगास कललेला असतो व त्यावर दोन माणसे मिळून विणतात. बाणा ठोकून बसविण्यास तलवारीच्या आकाराची शिसवी पट्टी वापरतात, तिला 'वी' म्हणतात. 'साल' म्हणजे माग व 'वी' म्हणजे ही पट्टी, म्हणून आम्ही साळवी, अशी आपल्या नावाची फोड ती मंडळी करतात.

ह्या विणीचे मर्म ज्ञातिबांधवांस थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे पटोळे म्हणजे एक रंगीत रेशमी साडी एवढेच पुष्कळांस ठाऊक असते. आपली पैठणी मागावर नक्षी धरते. पटोळ्याची नक्षी माग लागण्यापूर्वीच सुतात उतरलेली असते. ताण्याचे व बाण्याचे रेशीम आखणीप्रमाणे ठिकठिकाणी सुती दोऱ्याने घट्ट बांधावयाचे, रंगात बुडवावयाचे, सोडावयाचे, पुन्हा दुसऱ्या जागी बांधावयाचे आणि दुसऱ्या रंगात घालावयाचे. जितके रंग तितक्या वेळा हा खटाटोप. मंजिष्ठ, लाख, नीळ, हळद, हिरडा, डाळिंबाची साल ही त्यांची जुनी रंगद्रव्ये होत. असा रंगविलेला ताणा व तसाच रंगविलेला बाणा मागावर एकमेकांस छेदतात, तेव्हा तांबड्यावर तांबडा व हिरव्यावर हिरवा नेमका यावा लागतो. काही बोटे विणून झाली की ताण सैल करून सुईने एकेक धागा सरकवीत नक्षी जुळवितात. दिवसाकाठी वीतभर काम झाले तर पुष्कळ झाले. एका साडीस सहा महिने लागतात, कधी त्याहून अधिक. वस्त्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, उलट-सुलट असा भेद त्यास नाही. पटोळे फाटेल पण रंग फिटणार नाही, असे गुजराथेत म्हणतात. राजकोटास जे पटोळे होते त्यात बहुधा केवळ बाणाच रंगविलेला असतो. किंमतीतील अंतराचे कारण तेच.

आता कथेकडे वळू. पाटणचे साळवी सांगतात ते असे: अणहिलवाड पाटणचा चौलुक्य राजा कुमारपाल (राज्यारंभ इ. स. ११४३) नित्य पूजेस नवे पटोळे नेसत असे. हे पटोळे जालन्याहून येई. पुढे त्यास कळले की, जालन्याचा राजा ते वस्त्र आधी स्वतः वापरून मग बाहेर पाठवितो. उष्टे वस्त्र देवापुढे कसे चालावे? तेव्हा त्याने विणकरांची ७०० कुटुंबेच पाटणास आणून वसविली.

कथा सुबक आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीस लावू जाता तिच्यात दोन ठिकाणी खळ कमी पडलेली दिसते. पहिली गोष्ट, जालन्याचा 'राजा' कोण? बाराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या साम्राज्यात मोडत होता. त्यांची सत्ता खिळखिळी होऊन कलचुरी बिज्जल पुढे आला व नंतर देवगिरीचे यादव प्रबळ झाले. जालन्यास स्वतंत्र राजवंश इतिहासास माहीत नाही. फार तर एखादा सामंत असेल. दुसरी गोष्ट, सातशे हा आकडा मोजणीचा नसून कथेचा आहे.

मग सारीच कथा टाकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. कुमारपालाचा दक्षिणेशी संबंध काल्पनिक नव्हे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन ह्याच्याशी त्याच्या सैन्याने युद्ध करून विजय मिळविला, हे गुजराथचे जैन ग्रंथकार सांगतात. दख्खनच्या रेशमी वस्त्रांची ख्याती तर त्याहून कितीतरी जुनी. अजिंठ्याच्या चित्रांतील काही वस्त्रांत अशा बांधून रंगविलेल्या सुताची वीण दिसते असे काही अभ्यासकांचे मत आहे, आणि अजिंठा जालन्यापासून दूर नाही. मात्र चित्रावरून नक्षी कळते. सूत आधी रंगविले होते की कापड मागून, हे कळत नाही. म्हणून ह्या पुराव्यावर आम्ही भार टाकीत नाही.

विणकरांनी गावे सोडून दुसऱ्या राजाच्या आश्रयास जावे, ही घटना तर आपल्या देशात नवी मुळीच नाही. मध्यप्रदेशातील मंदसोर येथील शिलालेख विणकराच्या प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवा. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजराथेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, येऊन राहिली. तिने कुमारगुप्ताच्या काळी, मालव संवत् ४९३ मध्ये (इ. स. ४३७ च्या सुमारास), सूर्यमंदिर बांधले आणि मालव संवत् ५२९ मध्ये (इ. स. ४७३ च्या सुमारास) त्याचा जीर्णोद्धार केला. प्रशस्ति रचणारा कवी वत्सभट्टी. त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हांस मंदिराहूनही मोलाची वाटते: श्रेणीतील काही लोक विणकामातच राहिले, तर काहींनी धनुर्विद्या, काहींनी ज्योतिष, काहींनी कथाकथन पत्करले. 'आपली मुले माग सोडून नोकरीत गेली' म्हणून जे ज्ञातिबांधव हळहळतात त्यांनी हे वाचावे. पंधरा शतकांपूर्वीही हेच झाले होते, आणि त्याची लाज न वाटता ते दगडावर कोरले गेले. पाटणच्या कथेच्या पाठीशी असा दगड अद्याप उभा नाही, एवढाच काय तो फरक. पण तो मोठा फरक आहे.

नामसादृश्याविषयीही एक इशारा दिला पाहिजे. साळी, साळवी हे शब्द मागाशी निगडित असल्याने विणकरांस अनेक प्रांतांत तशी नावे मिळणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून सोयरीक सिद्ध होत नाही. कोकणातील साळवी आडनावाचा तर येथे काहीच संबंध नाही. धंदा एक म्हणून बंधुत्व मानावयास कोणाची हरकत असणार? रक्ताचे नाते मात्र पुराव्याशिवाय सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाटणची राजधानी गेली, इ. स. १४११ मध्ये अहमदाबाद वसले, तरी साळवी पाटणातच राहिले. ह्याचे कारण राजाश्रयापेक्षा बाजारपेठ हे असावे. गुजराथेतील जैन, नागर व बोहरी घराण्यांत लग्नकार्यास पटोळे लागे. बोहऱ्यांसाठी तर 'वोहरा गजी' नावाची निराळी नक्षीच आहे. शिवाय जावा-सुमात्राकडे पटोळ्यास देवकार्यात मान होता, व सतराव्या-अठराव्या शतकांत डच कंपनी ती गलबते भरून नेई. ती पेठ बसली तसे माग थंडावले. विद्या मुलांस व सुनांस द्यावयाची, मुलींस नाही, अशी जुनी रीत असल्याने ज्या घरी पुत्र धंद्यात उरला नाही तेथे नक्षीही संपली. ही रीत चोरी टाळण्यास उपयोगी पडली असेल. विद्या टिकविण्यास नव्हे. आज पाटणात पटोळे विणणारी जुनी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अलीकडे पाटणच्या पटोळ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, व २०१४ मध्ये राणीची वाव जागतिक वारसा ठरल्यापासून पाहुण्यांचा ओघही वाढला. किंमत लाखांच्या घरात असूनही मागणीस तोटा नाही. तोटा आहे तो बसणाऱ्या हातांचा.

आम्ही निघताना तेथील एका वृद्ध विणकरांनी विचारले, 'जालन्यास आता काय विणतात?' तेथे आता पोलाद व बियाणी ह्यांचा मोठा व्यापार चालतो, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलाविली आणि पुन्हा सुई उचलली.

ह्या विषयाचा पुढचा धागा पाटणातच सापडण्याची आशा आहे. तेथील जैन ज्ञानभांडारांत ताडपत्रांच्या व कागदाच्या हजारो जुन्या पोथ्या जतन केलेल्या आहेत. विणकरांच्या वस्तीचा, त्यांच्यावरील करांचा अथवा त्यांनी दिलेल्या दानांचा एखादा उल्लेख त्यांत निघाला, तर जालन्याच्या कथेचा निकाल लागेल. त्यासाठी संस्कृत, प्राकृत व जुनी गुजराथी जाणणारा विद्यार्थी हवा. ज्ञातीच्या शिष्यवृत्तीच्या यादीत आजवर वैद्यक व स्थापत्य हेच विषय आढळतात. त्यांत ह्या अभ्यासासाठी एक जागा ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे केली आहे.