ज्ञान येतं कुठून? भारतातल्या पहिल्या छपाईमागची युरोपातली जुनी चर्चा

भारतात छपाई यंत्र पहिल्यांदा आलं ते १५५६ मध्ये, गोव्यात. खरं तर ते निघालं होतं अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. पण ते गोव्यातच राहिलं आणि जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजमध्ये बसवलं गेलं. त्यावर त्याच वर्षी छापलं गेलं 'कॉन्क्लुझोइश', म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडायची विधानं.

ही वादसभेची पद्धत युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांची. आधी प्रश्न, मग विरोधी मुद्दे, मग उत्तर. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षासारखीच. तिथे गाजलेला एक प्रश्न होता: माणसाला ज्ञान होतं कसं?

प्लेटो विरुद्ध अ‍ॅरिस्टॉटल

पनवेलजवळच्या कर्नाळ्यात तुम्हाला एक पक्षी दिसला. डोळ्यांना दिसतो तो एकच पक्षी. मग 'पक्षी' ही सगळ्या पक्ष्यांना लागू होणारी कल्पना आली कुठून?

प्लेटोच्या मते खरं ज्ञान बदलत्या वस्तूंचं नसतं, तर त्यांच्या न बदलणाऱ्या मूळ रूपांचं असतं. आत्म्याला ते आधीच ठाऊक असतं, शिकणं म्हणजे ते आठवणं. त्याचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, सुरुवात इंद्रियांपासूनच होते. वारंवार पाहण्यातून आठवण, आठवणींतून अनुभव आणि अनुभवातून सामान्य कल्पना तयार होते.

सांगड कशी घातली?

संत ऑगस्टीन (३५४-४३०) प्लेटोच्या बाजूला झुकलेला. देवाच्या प्रकाशामुळेच मनाला सत्य दिसतं, असं तो मानत असे. बाराव्या-तेराव्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ अरबी आणि ग्रीकमधून लॅटिनमध्ये आले. सोबत इब्न सिना आणि इब्न रुश्द यांचं लेखनही आलं.

इब्न रुश्दच्या मांडणीतून एक अडचणीचा निष्कर्ष निघत होता: सगळ्या माणसांची बुद्धी एकच. तसं असेल, तर 'मी विचार करतो' याला अर्थ काय? पाप-पुण्याचा जाब कोणाला विचारायचा? थॉमस अक्वायनसने १२७० मध्ये यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

त्याचं उत्तर असं: माहिती इंद्रियांतूनच येते, हे अ‍ॅरिस्टॉटलचं बरोबर. त्यातून सामान्य कल्पना वेगळी काढणारी बुद्धी मात्र प्रत्येकाची स्वतःची. आणि त्या बुद्धीचा प्रकाश हा देवाच्या प्रकाशाचाच अंश. म्हणजे वाट अ‍ॅरिस्टॉटलची, दिवा ऑगस्टीनचा.

मग बंदी का आली?

ही तडजोड सगळ्यांना पटली नाही. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं शिकवण्यावर बंदी घातली. त्यातली काही अक्वायनसच्या मतांशी जुळणारी होती. तो १२७४ मध्येच वारला होता. १३२३ मध्ये त्याला संतपद मिळालं आणि त्याच्या शिकवणीला लागू होणारी बंदी १३२५ मध्ये मागे घेतली गेली.

गोव्यापर्यंत

पुढे जेझुइटांनी आपल्या नियमांतच ठरवून टाकलं: तत्त्वज्ञानासाठी अ‍ॅरिस्टॉटल, धर्मशास्त्रासाठी अक्वायनस. त्यांच्यासोबत ही परंपरा मांडवीकाठी पोहोचली. १५७९ मध्ये गोव्यात आलेला आणि पुढे मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स हाही जेझुइटच.

'कॉन्क्लुझोइश'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण भारतातल्या छपाईची सुरुवात अशी वादासाठी मांडलेल्या विधानांनी झाली.