मणक्याच्या शस्त्रक्रियेतील नर्व्ह ब्लॉक व आतड्यांची हालचाल

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल काही काळ मंदावते. लहान आतडे साधारण एका दिवसात कामाला लागते, मोठ्या आतड्याला दोन ते तीन दिवस लागतात. त्याहून उशीर झाला तर पोट फुगते, मळमळते, उलट्या होतात. वेदना व शस्त्रक्रियेचा ताण, अंथरुणात पडून राहणे, रक्तातील पोटॅशियम घटणे ही याची कारणे होत. पोटाकडून मणक्यापर्यंत जावे लागले तर आतड्यांवरील ताण वाढतो. मोठा वाटा मात्र मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांचा असतो. ती आतड्याच्या भिंतीतील ग्राहींनाही चिकटतात आणि हालचाल रोखतात.

ठरावीक मज्जातंतू बधिर करणाऱ्या नर्व्ह ब्लॉकचा उपयोग येथेच होतो. २०१६ मध्ये वर्णिलेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये सोनोग्राफीत पाहत, मणक्याच्या आडव्या प्रवर्धाच्या टोकावर, पाठीच्या स्नायूखाली ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध सोडतात. पाठीकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा बधिर होतात. पायांतील ताकद सहसा टिकत असल्याने शस्त्रक्रियेनंतर पाय तपासता येतात. मॉर्फिन कमी लागते, रुग्ण लवकर चालू लागतो. आतड्यांना होणारा लाभ बराचसा असा आडवाटेने मिळतो. त्याचा थेट पुरावा वेदनाशमनाच्या पुराव्याइतका भक्कम नाही.

आतडी पुन्हा कामाला लागली का हे कळावे म्हणून वॉर्डात ‘वारा सरला का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. होकार आला, उलटी नसली, की पेज किंवा मुगाचे पाणी वाढवत नेतात. लघवी तुंबणे, गुदद्वाराभोवती बधिरता किंवा शौचावरील ताबा सुटणे यांचा दोष मात्र औषधांना देऊन थांबू नये; मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि तातडीने एमआरआय करावा लागतो.