बिडाच्या पेटीतले तेल

बीड हे आमच्या गावाचे नाव आणि ओतीव लोखंडाचेही. या योगायोगावर गावात पुष्कळ कोट्या झाल्या आहेत. पण ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगची पेटी साधारणपणे याच बिडाच्या कवचात असते, आणि ती खोलून पुन्हा बांधणारे मिस्त्री आमच्या जिल्ह्यात आहेत. काही वर्षे मी त्यांच्या कामाच्या नोंदी करतो आहे. मोटारीच्या इतिहासात कारखानदार येतात, संस्थानिक येतात, सिनेनट तर येतातच. दुरुस्ती करणारा येत नाही.

या यंत्राचा जन्मच मुळी ट्रकच्या ओझ्यातून झाला. अमेरिकेतला फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात अभियंता होता. नोकरी सोडून त्याने वॉल्थम गावी छोटी कार्यशाळा थाटली. तेल सतत दाबाखाली कोंडून ठेवले की ते गळणारच. डेव्हिसने झडप उघडी ठेवली. गाडी सरळ जात असताना तेल पंपातून येते आणि टाकीत परत जाते; चाक वळवले की झडपेची वाट अरुंद होते आणि तेवढ्यापुरता दाब तयार होतो. १९२६ मध्ये जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला आणि मंदीच्या काळात तो मोडला. सामान्य गिऱ्हाइकाला ही सोय मिळाली ती १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये. तोवर डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत संपली होती!

आमच्याकडेही ती ट्रकबरोबरच आली. बीड शहरात रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याआधी परळीचे स्टेशन सोडले तर बहुतेक सारा भार रस्त्यावर. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उसाने भरलेला ट्रक शेतातल्या मऊ जमिनीत वळवताना जुने चालक अक्षरशः उभे राहून चाक ओढत. पुण्याजवळच्या वढू बुद्रुकला, संभाजी महाराजांच्या समाधीच्या गावी, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर कंपनीचा कारखाना आहे. तिथे बनलेल्या पेट्या ट्रकांना बसू लागल्या. हंगामात एक ट्रक उभा राहिला तर अख्ख्या टोळीची मजुरी बुडते, त्यामुळे नव्या पेटीची वाट पाहण्यापेक्षा जुनीच बांधून घेण्याकडे ओढा राहिला. मिस्त्री तयार झाले ते या निकडीतून.

मागच्या वर्षी अशाच एका मिस्त्रींकडे १९६३ च्या शेव्हरोले इम्पालाचे सामान आले. या गाडीत सारे काही एका पेटीत नसते. झडप आणि सिलिंडर वेगवेगळे, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर बसवलेले. मालकाने परदेशातून रबरी सीलचे किट मागवले होते. मिस्त्रींनी ते बाजूला ठेवले आणि सिलिंडरच्या दांड्यावरून नख फिरवले. नख अडकले. क्रोमला गंजाचे बारीक खड्डे पडले होते. "सर, रबर बदलल्यानं गळती चार दिवस थांबंल. खोड नाही जायची." खडबडीत दांडा नवे सीलही कापणारच. दांडा छत्रपती संभाजीनगरला हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंगसाठी गेला.

झडपेचे काम त्यांनी स्वतः केले, रॉकेलने धुऊन. सुती चिंधी जवळ येऊ दिली नाही. आतली फिरकी आणि तिची बाही यांच्यात इतकी कमी फट असते की एका धाग्याने ती अडकते. अडकली, की चालकाने काहीही केले नसताना गाडी एका बाजूला ओढू लागते. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांना रंगाची आणि क्रोम बंपरची जेवढी काळजी, तेवढी याची असावी असे मला फार वाटते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मोटारींना व्हिंटेज म्हणून वेगळा नोंदणी क्रमांक दिला. त्या ज्यांच्या हातून चालत्या राहतात, त्यांची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

सगळे बसवल्यावर त्यांनी सिलिंडरचा दांडा चासीपासून सोडला आणि इंजिन सुरू केले. दांडा आपोआप बाहेर सरकला. झडपेच्या टोकाचा नट ते हळूहळू फिरवत गेले. दांडा आत जाऊ लागला, तिथे खडूची खूण केली. उलटा फिरवला, पुन्हा बाहेर येऊ लागला, तिथे दुसरी. मग नट दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणला. शेव्हरोलेच्या कार्यशाळा-पुस्तिकेतही हीच रीत दिलेली आहे. मिस्त्रींनी ती पुस्तिका पाहिलेली नव्हती.