स्कॉटिश स्मॉलपाइप्सचे पुनरुज्जीवन आणि प्रौढ शिकाऊ : एक ऐतिहासिक अभ्यास

बॅगपाइप म्हटले की तोंडाने फुंकले जाणारे रणवाद्य डोळ्यांसमोर येते. स्मॉलपाइप्स हे मात्र मंद स्वराचे, घरात वाजविण्याजोगे वाद्य होय. एका काखेतील भात्याने दुसऱ्या काखेतील पिशवीत कोरडी हवा भरली जाते. त्यामुळे रीड ओलसर न होता सूर स्थिर राहतो.

इंग्लंडमधील नॉर्दम्बरलँडमध्ये ही परंपरा क्षीण झाली, तरी खंडित झाली नाही. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्दम्ब्रियन पायपर्स सोसायटीने ती जोपासली. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात मात्र भात्याच्या पाइप्सचे वादन एकोणिसाव्या शतकात जवळजवळ लुप्त झाले. १९८० च्या सुमारास वाद्यनिर्माते कॉलिन रॉस यांनी हायलँड पाइप्सच्या बोटांच्या मांडणीस अनुसरून नवे स्मॉलपाइप्स घडविले आणि १९८३ मध्ये लोलँड अँड बॉर्डर पायपर्स सोसायटी स्थापन झाली.

गुरुपरंपराच तुटल्यामुळे या वाद्याकडे वळणारे बहुधा प्रौढच होते. हायलँड पाइप्स वाजविणाऱ्यांची बोटे तयार असत, भाता तेवढा नवा असे. पूर्णतः नवशिक्यास मात्र एका कोपराने भाता चालविणे, दुसऱ्याने पिशवीवरील दाब सम राखणे आणि बोटे स्वतंत्र ठेवणे हे सारे एकाच वेळी साधावे लागते. वादकाच्या घरात बालपणी जे नकळत अंगवळणी पडते, ते त्याला जाणीवपूर्वक कमवावे लागते. परंपरा केवळ वारशाने नव्हे, तर उशिरा शिकणाऱ्यांच्या चिकाटीनेही टिकते, हे यावरून स्पष्ट होते.