एका खेळाचे पाठभेद : 'स्ट्रीट फायटर टू'चे गुणदोष

जुनी पोथी हाती आली की संहितेच्या अभ्यासकाला पहिला प्रश्न 'ही चांगली की वाईट' असा पडत नाही. 'आपल्यासमोर आहे तो पाठ कोणता' असा पडतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली काढलेल्या 'स्ट्रीट फायटर टू' या द्विमितीय लढतीच्या व्हिडिओ गेमविषयी जे गुणदोषात्मक लिहिले जाते, त्यात हा प्रश्न क्वचितच येतो. नागपुरात बसून तो टाळणे तसे बरे दिसत नाही. 'लीळाचरित्रा'ची संहिता सिद्ध करणारे वि. भि. कोलते याच शहरात वावरले, येथील विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची १९७८ची आवृत्ती समोर ठेवूनच आपण वर्गात पाठ, प्रक्षेप, लेखनिकाचा प्रमाद या संज्ञा शिकवतो. त्याच संज्ञा या खेळाला लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. तुलना अर्थातच श्रद्धेची नाही, संहितेच्या प्रवासाची आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पडद्यावर दोन योद्धे एकमेकांसमोर उभे असतात आणि आपण त्यांना बाजूने पाहतो. प्रत्येकाच्या नावासमोर शक्तीची एक पट्टी असते. ती आधी संपेल तो हरला. हाताशी एक दांडा आणि सहा बटणे. हलका, मध्यम व जड असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा. दांडा खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबले की ऱ्यू हा नायक तळहातांतून तेजाचा गोळा फेकतो. १९८७च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्येही हा गोळा होता, पण तो साधणे जवळजवळ दैवाधीन होते. दुसऱ्या भागात अकिरा निशितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूला वेळेची थोडी सवलत दिली, आणि या सवलतीतून असे काही निपजले ज्याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती.

खेळात मध्येच एक मोटार ठोशालाथांनी फोडण्याचा बक्षिसाचा टप्पा येतो. तो तपासत असताना निर्मितीवर देखरेख करणाऱ्या नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की एक ठोसा पुरा होण्याआधीच दुसरा त्यात बेमालूम घुसवता येतो. समोर मोटारीऐवजी माणूस असेल तर? मग पहिला फटका बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला दुसरा अडवण्याची संधीच उरत नाही. ही सांधेजोड साधणे फार अवघड आहे, कोणी तिचा उपयोग करणार नाही, असे समजून ती तशीच राहू दिली गेली. पुढे तिलाच 'कॉम्बो' म्हणू लागले आणि लढतीच्या खेळांचे सारे व्याकरण तिच्यावर उभे राहिले. व्याकरण हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. सुटे फटके ही पदे. कोणते पद कोणत्या पदामागे येऊ शकते याचे नियम आहेत, आणि ते कोठेही लिहिलेले नव्हते. बोलणाऱ्यांनी ते बोलूनच शोधले. या खेळाचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि त्याचे मूळ निर्मात्यांच्या नजरेतून निसटलेल्या एका फटीत आहे.

दुसरा प्रमाद भाषांतराचा. जिंकल्यावर ऱ्यू जे वाक्य उच्चारतो त्यात मूळ जपानीत त्याच्या उसळी मारून दिलेल्या ठोशाचा, 'शोर्युकेन'चा, उल्लेख आहे. त्यातील 'चढता ड्रॅगन' या अर्थाची चिन्हे भाषांतरात चिनी उच्चाराने 'शेंग लाँग' अशी वाचली गेली. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटले की या नावाचा कोणी गुरू आहे आणि त्याला हरवल्याशिवाय गत्यंतर नाही. १९९२च्या एप्रिलमध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकी मासिकाने एप्रिल फूल म्हणून या गुरूला गाठण्याची युक्तीही छापली आणि असंख्य मुलांनी त्यापायी नाणी घालवली. एका अपपाठातून एक पात्र जन्मले. १९९४च्या आवृत्तीत अकुमा नावाचा लपलेला प्रतिस्पर्धी खरोखरच अवतरला. अशी उदाहरणे भाषांतरमीमांसेच्या तासाला घ्यावीत, विद्यार्थी जागे राहतात.

आता दोषांकडे. पहिल्या आवृत्तीत दोघांना एकच योद्धा निवडता येत नाही. जवळ येऊन प्रतिस्पर्ध्याने उचलून आपटले तर त्यातून सुटका नाही. ती अंशतः मिळाली ती १९९४च्या 'सुपर टर्बो'त. गाइल हा अमेरिकी सैनिक इतरांच्या मानाने फारच बलवान, तर झँगीफ हा रशियन पहिलवान दुरून येणाऱ्या गोळ्यांपुढे लाचार. पण हे हिशेबातले दोष आहेत, पुढे पुष्कळसे सुधारलेही. मला अधिक गंभीर वाटतात ते जाणूनबुजून ठेवलेले. गाइलला आपली 'सॉनिक बूम' फेकण्यासाठी माणसाच्या हातात काही क्षण दांडा मागे ओढून धरावा लागतो. यंत्राच्या हातातला गाइल चालत येता येता ती फेकतो. माणसाला लागू असलेला नियम यंत्राला लागू नाही, कारण यंत्राला नाणे हवे आहे.

धालसिमचे चित्रणही हेतूतूनच आले. तो आठांपैकी भारताचा प्रतिनिधी : गळ्यात कवट्यांची माळ, कृश अंग, मागे हत्तींचा दरबार, तोंडातून 'योगा फायर' आणि लांबलांब ताणले जाणारे हातपाय. १९७६च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या कुंगफूपटात असाच हात लांबवणारा भारतीय योगी आहे. धालसिमचे मूळ तेथे दाखवले जाते. पुढच्या कथानकात त्याच्या मुलाचे नाव दत्त असल्याचे कळते, आणि मराठी वाचक क्षणभर थबकतो. क्षणात ओळखू यावे म्हणून प्रत्येक देश एका पोशाखात कोंबायचा, ही येथली रीत. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही खेळ कळे तो या रीतीमुळेच, हेही मान्य करायला हवे. मात्र व्यंगचित्र काढणाऱ्याच्या शेजारी बसून कोणीतरी याच धालसिमला अंतर राखून, प्रतिस्पर्ध्याला जवळ फिरकू न देता जिंकणारा योद्धा बनवले. जाणत्या हातात तो या आठांतला सर्वांत विचारी आहे. चित्र एक सांगते, नियम दुसरे.

आणि प्रक्षेप? १९९२च्या 'चँपियन एडिशन'ने आधी केवळ यंत्राकडे असलेले चार प्रमुख खेळाडूंना खुले केले. लवकरच तिच्या बनावट प्रती फिरू लागल्या. त्यांतली 'रेनबो' म्हणून ओळखली जाणारी विशेष कुप्रसिद्ध : वेग अचाट, गोळे हवेतून फेकता येतात, ते प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करतात, आणि 'स्टार्ट'चे बटण दाबले की भर लढतीत योद्धा बदलतो. कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतील जेम्स गॉडार्ड यांनी लोक ही प्रत खेळताना पाहिली आणि तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी अधिकृत संहितेनेच वेग वाढवावा असा आग्रह धरला. १९९२ अखेरच्या 'हायपर फायटिंग'मध्ये वेग वाढला, ऱ्यू व केन यांना गरगरती लाथ हवेतही मारता येऊ लागली, धालसिमला अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकटण्याची सिद्धी मिळाली. नाथांनी शके १५०६मध्ये 'ज्ञानेश्वरी'तील अपपाठ दूर केले. येथे संपादकाने प्रक्षेपातले काही उचलून मूळ ग्रंथात मानाने बसवले.

नव्वदीच्या मध्यात प्रतापनगरातील ज्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आम्ही मुले नाणी घेऊन उभी असू, तेथे ऱ्यू हवेतूनच गोळे फेकत असे. कोणी त्याला 'आडूकेन' म्हणे, कोणी आणखी काही. त्यात काही गैर आहे असे कुणाच्या मनातही येत नव्हते, कारण आमच्यापुढे दुसरा पाठ नव्हता. मुली तेथे कधी दिसल्या नाहीत. आठांतली एकमेव स्त्री, चुन-ली, तेवढी पडद्यावर असे. हरणाऱ्याने जागा सोडायची, जिंकणाऱ्याने टिकायचे, एवढा एक कायदा. बाहेर वडीलधाऱ्यांच्या लेखी ही जागा जुगाराच्या अड्ड्याइतकीच वाईट होती. त्या संशयाला अगदीच आधार नव्हता असे नाही. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या व्यवसायाला परवाना लागू करणे वैध ठरवले; यंत्रात फेरफार करून कौशल्य निष्फळ ठरवता येते, हा मुद्दाही तेथे आला होता. पण दोन माणसे समोरासमोर खेळत असली की यंत्र बाजूला होते आणि उरते ते कौशल्यच. हा भेद आमच्या घरी कोणाला समजावून सांगता आला असता, असे वाटत नाही.

२०१८मध्ये कॅपकॉमने मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त बारा खेळांचा संग्रह काढला. त्यात 'स्ट्रीट फायटर टू'चे पाच अधिकृत पाठ आहेत. प्रतापनगरातला त्यांत नाही. जुन्या यंत्रांचे जतन करणाऱ्या 'मेम' या मुक्त प्रकल्पाच्या सूचीत मात्र बनावट प्रतींचीही एकेक करून, वेगवेगळ्या नावांनिशी नोंद केलेली आहे.