ग्रामसेवेची मंडळे : पैनगंगेपलीकडील एक उदाहरण

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या राजमार्गावर नेरडीगोंडा हे गाव आहे. कुंतालाच्या धबधब्यास जाणारा प्रवासी येथूनच वाट धरतो. गोंडी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा या मुलुखात नांदत आल्या आहेत. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलुखाकडे गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला, इ. स. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील माणसांचे सोयरेपण व भजनाची गोडी यांस त्यामुळे खंड पडला नाही. म्हणूनच गावातील परोपकारी माणसांनी एकत्र कसे यावे व एकत्र कसे टिकावे, हे पाहण्यासाठी नदीपलीकडील विदर्भाकडे दृष्टी टाकणे या भागातील भाविकांस परके वाटू नये.

विदर्भात या कार्याच्या दोन रीती दिसतात. श्रीगाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावात येत, दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत आणि पुढे निघून जात. त्यांनी धर्मशाळा उभारल्या व त्यांचा कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. परंतु आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. साधू गावात असेतो गाव लख्ख असे. तो गेल्यावर खराटा कोणी उचलावयाचा, हा प्रश्न मात्र ज्या त्या गावापुढे उरे.

या प्रश्नास वेगळे उत्तर दिले ते श्रीतुकडोजी महाराजांनी. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. खंजिरीवरील त्यांच्या भजनास हजारोंचा समुदाय जमे. इ. स. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. इ. स. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर व आष्टी येथे उठाव झाले, तेव्हा सरकारने त्यांस अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. डिसेंबरात सुटका झाल्यावर, पुढील वर्षी श्रीगुरुदेव सेवामंडळाचे संघटन आकारास आले. खंजिरीभोवती जमलेला समुदाय भजन संपताच पांगतो. तो पांगू नये, त्यातील दहा-पाच माणसे तरी गावात कामास लागावीत, ही त्यामागील दृष्टी होय.

या मंडळाची घडण साधी आहे. गावात शाखा, शाखेस सेवाधिकारी, आणि गावोगाव फिरून शाखांस जोडणारे आजीवन प्रचारक. नित्य कार्यक्रम म्हणजे पहाटेचे ध्यान व सायंकाळची सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेत जातिपंथाचा भेद नाही. सर्वांनी एका ओळीत बसावयाचे. ज्या काळी पाणवठेही निरनिराळे होते, त्या काळी ही एक ओळ धरणे किती कठीण होते, हे जुन्या जाणत्यांस सांगावयास नको. रामधून काढावयाची तर तिच्या वाटेवरील रस्ते आधी झाडावयाचे, असाही शिरस्ता होता.

आमच्या मते या सर्वांत प्रार्थनेचेच महत्त्व अधिक. केवळ वर्गणी व वार्षिक उत्सव यांवर उभी असलेली मंडळे आपण पुष्कळ पाहतो. मांडव उतरला की त्यांची भेट पुढील वर्षी! रोज सायंकाळी एकत्र बसणाऱ्या माणसांस मात्र आज कोण आला नाही हे लगेच कळते, आणि त्याच्या घरी आजार आहे की अडचण, याची विचारपूस त्याच रात्री होऊ शकते. दानधर्मास याहून अचूक वर्दी कोणती मिळणार?

इ. स. १९५५ च्या ग्रामगीतेत हा विचार ग्रंथरूपास आला. तिच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, सामुदायिक प्रार्थना, यात्रा-मेळे, इतकेच नव्हे तर अंत्यसंस्कारही आले आहेत. म्हणजे मंडळाने काय काय करावे, याची जणू यादीच गावाच्या हाती पडली.

दिनांक ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले. त्या काळी गावोगावच्या शाखांपैकी पुढे किती तगल्या, हा हिशेब प्रत्येक गावचा वेगळा. जेथे एखादा सेवाधिकारी पिढीजात मानकरी होऊन बसला, तेथे प्रार्थनेची ओळ आखडणारच. जेथे नव्या मुलांच्या हाती खंजिरी व खराटा दोन्ही दिले गेले, तेथे ती लांबत जाते. गुरुकुंजात दरवर्षी पुण्यतिथीस, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, प्रचंड समुदाय उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो, आणि मग ती माणसे आपापल्या गावांस परततात.