चौल : शहर कुठे आहे?

जेऊरसारख्या गावातील महाविद्यालयात सहलीचा विषय निघाला, की विद्यार्थ्यांची पहिली मागणी समुद्राची असते. करमाळा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला. उजनीचा जलाशय कितीही विस्तीर्ण असला, तरी समुद्राची तहान त्याने भागत नाही. यंदा आम्ही चौल-रेवदंडा सुचविले आणि सूचनाफलकावर ‘ऐतिहासिक बंदर-शहर’ असे लिहिले. हे शब्द पुढे आमच्याच अंगाशी आले.

रात्री निघालेली गाडी सकाळी अलिबागला पोहोचली. तेथून दक्षिणेकडे अक्षी, नागाव अशी गावे मागे टाकत आम्ही चौलला आलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, लाल मातीच्या पायवाटा, रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी, झाडीत हरवलेला हमामखाना. तासाभराच्या पायपिटीनंतर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, सगळं चांगलंय, पण शहर कुठंय?”

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तेवढे सरळ नाही.

चौलच्या प्राचीनतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात जे ‘सेमिल्ला’, ‘सिमुल्ला’ येते, ते हेच असे अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचे उल्लेख आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी हा अरब प्रवासी येथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. येथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्ती करून असल्याचे तो नोंदवितो. म्हणजे, शहर होते. ते पाहणाऱ्यांनी त्याविषयी लिहिलेही. फक्त त्या लिहिणाऱ्यांत आपण नव्हतो, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. रेवदंड्यात आज त्याचा स्मृतिस्तंभ आहे. निकितीनपाशी विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. दख्खनच्या सुलतानांना घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत आणि होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांचे चौल हे एक प्रमुख उतारबंदर होते. निकितीन चौलहून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला गेला. या प्रवासाला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. पुढे बीदरला मुक्काम असताना निकितीन आळंदच्या जत्रेचे वर्णन करतो, जिथे घोड्यांचा मोठा बाजार भरत असे. हे आळंद म्हणजे आपल्या अक्कलकोटच्या सीमेपलीकडचे, कलबुर्गी जिल्ह्यातले. आमच्या विद्यार्थ्यांनी तेथवरचे उरूस पाहिलेले असतात. समुद्रावर उतरलेला घोडा ज्या रस्त्याने आळंदपर्यंत जात होता, त्या रस्त्याच्या आसपास आपण राहतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बंदर समुद्रामुळे होते अशी आपली समजूत असते. वस्तुतः बंदर पाठीमागच्या मुलखामुळे होते. निजामशाहीची राजधानी अहमदनगरला होती आणि तिचा समुद्राकडचा दरवाजा चौल. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून ज्या परांड्यात दरबार थाटला, ते परांडे तर आमच्या शेजारचेच. चौलची जकात ज्या सत्तेच्या खजिन्यात जात होती, ती सत्ता आमच्या दारातली होती.

या दरवाजाचा एक भाग पोर्तुगिजांच्या हाती गेला तोही वाटाघाटीने. १५०८ मध्ये चौलच्या आरमारी लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला आणि व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सू द आल्मेदा मारला गेला. तरीही १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीज कोट उभारू लागले. तेव्हापासून चौल दोन झाले : वरचे चौल निजामशहाचे, खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगिजांचे. १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने खालच्या चौलला वेढा घातला, त्याच वेळी अली आदिलशहाने गोव्याला. दोन्ही वेढे फसले. १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांकडे गेला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पुढच्याच वर्षी चौल मराठ्यांच्या ताब्यात आले. परंतु तोपर्यंत हाती येण्यासारखे फार उरले नव्हते. खाडी गाळाने भरत होती. चौलचे रेशीम विणणारे कारागीर सतराव्या शतकातच मुंबईची वाट धरू लागले होते.

रेवदंड्याच्या तटातून आत जाताना हे सारे सांगून झाले. सातखणी मनोऱ्यापाशी आम्ही थांबलो, आणि मग त्या विद्यार्थ्याला उत्तर दिले : शहर मुंबईला गेले. हे पूर्ण उत्तर नव्हे. पण १८५९ मध्ये दिक्साळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा लोहमार्ग सुरू झाला, तो जेऊरवरूनच. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि सोलापूरचा कापूस अखंड रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. आपल्या स्थानकावरून धडधडत जाणारी गाडी हीसुद्धा चौलच्या विस्मरणाचे एक कारण आहे. देशाने आपले बंदर बदलले, आणि जुने बंदर वाड्यांच्या सावलीत निजून गेले.

परतताना अक्षीला उतरलो. शिलाहार केशिदेवाचा मराठी शिलालेख अनेक वर्षे येथे रस्त्याकडेला उपेक्षित पडून होता. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. या वाचनाविषयी मतभेद आहेत. मराठीच्या आद्य शिलालेखाच्या मानाचा दुसरा दावेदार कोठला? दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडलचा, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा, तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. कुडल आहे भीमा-सीनेच्या संगमावर. ज्या दोन नद्यांमध्ये आमचा तालुका वसला आहे, त्या जिथे मिळतात तिथे एक लेख. आणि समुद्राच्या काठी दुसरा. पहिला कोणता हा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. एकाच शतकात, एकाच भाषेत, दगडावर लिहावेसे दोन्हीकडे वाटले असेल, तर कोकण आणि देश यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे नव्हते, एवढे तरी त्यातून निघते.

कोर्लईला जाणे वेळेअभावी राहिले, याची रुखरुख आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून जन्मलेली आणि मराठीच्या सहवासात घडलेली एक बोली आजही बोलली जाते. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. तट ढासळले, जकात थांबली, जहाजे गेली. भाषा मात्र घरातल्या घरात टिकून राहिली. भाषाविज्ञानाच्या तासाला ‘भाषासंपर्क’ ही संज्ञा फळ्यावर लिहून आम्ही मोकळे होतो, तिचा याहून जिवंत दाखला कोणता?

गाडी घाट चढू लागली तेव्हा तोच विद्यार्थी जवळ येऊन बसला. त्याच्या वडिलांची कंदरला केळीची बाग आहे. म्हणाला, “सर, आमची केळी कंटेनरमधून आखातात जातात. घोडे तिकडूनच यायचे ना?”

इतिहासाचा तास घेऊन वीस वर्षे होत आली. एवढे नेमके वाक्य उत्तरपत्रिकेत क्वचितच वाचायला मिळाले. शहर कुठे आहे, हे त्याला कळले होते. पुढच्या वर्षी सूचनाफलकावर ‘ऐतिहासिक बंदर-शहर’ हेच शब्द पुन्हा लिहायला आता आमची हरकत नाही.